आषाढातला ढग कॅनव्हासवर: 'मेघदूता'च्या एका श्लोकावरून अर्ध-अमूर्त चित्र

साहित्यातला प्रसंग रंगवायचा म्हटलं की आपला हात आधी माणसांकडे वळतो. शकुंतला म्हटली की आश्रम, हरिणं, सख्या. यक्ष म्हटला की डोंगरावर बसून आकाशाकडे हात करणारा देखणा तरुण. राजा रविवर्म्याने हे काम इतकं पुरं करून ठेवलंय की त्या वाटेने गेलं तर फार तर त्याची नक्कल हाती लागते. पायातला काटा काढायच्या मिषाने मागे वळून बघणारी त्याची शकुंतला एकदा पाहिली की तो प्रसंग डोक्यात दुसऱ्या कुठल्या रूपात उभाच राहत नाही.

अर्ध-अमूर्त चित्रात वस्तू कमी करत जायच्या आणि प्रसंगातली हालचाल, भार, ताण एवढं कॅनव्हासवर उरू द्यायचं. सोबत ओळखीची एक खूण ठेवायची. एकच. दोन ठेवल्या की त्या एकमेकींशी बोलायला लागतात, बघणारा गोष्ट जुळवत बसतो आणि रंगांकडे त्याचं लक्ष जात नाही. या लेखातलं सगळं काम या एका अटीवर उभं आहे.

उदाहरणासाठी कालिदासाच्या 'मेघदूता'तला दुसरा श्लोक घेऊ. ॲक्रिलिकमध्ये, ३४ × २४ इंचाच्या आडव्या कॅनव्हासवर. हेच माप का, ते पुढे येईलच.

श्लोक चित्रकाराच्या डोळ्यांनी वाचणं

तस्मिन्नद्रौ कतिचिदबलाविप्रयुक्तः स कामी
नीत्वा मासान् कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः ।
आषाढस्य प्रथमदिवसे मेघमाश्लिष्टसानुं
वप्रक्रीडापरिणतगजप्रेक्षणीयं ददर्श ॥

कुबेराच्या शापाने वर्षभरासाठी घरापासून दूर रामगिरीवर येऊन पडलेला यक्ष. पत्नीच्या विरहात काही महिने गेलेत, हात इतका वाळलाय की सोन्याचं कडं निसटून पडलंय. आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याला डोंगरमाथ्याला बिलगलेला ढग दिसतो. मातीच्या बांधाला धडका देत खेळणाऱ्या हत्तीसारखा.

संस्कृत येत नसेल तर बिघडत नाही. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा अनेकांनी 'मेघदूत' मराठीत आणलंय. त्यातले दोन अनुवाद शेजारी ठेवून हा एकच श्लोक वाचा. एकाने जे ठळक केलंय ते दुसऱ्याने सहज उरकलेलं असतं, आणि आपल्याला नेमकं काय दिसतंय हे त्या फरकातून कळायला लागतं.

आता वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे श्लोकातल्या वस्तू लिहा: डोंगर, ढग, हत्ती, बांध, माणूस, हात, कडं. उजवीकडे नुसत्या क्रिया: वाळणं, निसटणं, बिलगणं, कलणं, धडकणं, बघत राहणं. डावी बाजू चित्रपुस्तकाची झाली, आपला माल उजवीकडे आहे. आता डावीकडची एकेक वस्तू खोडत जायची आणि दर वेळी विचारायचं: ही गेली तर उजवीकडची कोणती क्रिया मरते?

हत्ती खोडला तर काहीच मरत नाही, कारण हत्तीचं कलणं ढगाला देता येतं. 'मेघदूता'चा जुना संस्कृत भाष्यकार मल्लिनाथ, त्याच्या टीकेत तर हा हत्ती समोरून धडक न देता तिरका होऊन सुळे मारणारा आहे. चित्रकाराला यातून थेट एक दिशा मिळते: ढगाचं वजन वरून किंवा समोरून येत नाही, ते तिरकं येतं. यक्ष खोडला तरी चालतं, कारण बघण्याचं काम आता चित्रासमोर उभा असलेला माणूस करणार आहे. डोंगर आणि ढग मात्र खोडता येत नाहीत, त्यांच्याशिवाय बिलगणार कोण आणि कशाला? ते राहतील, पण दोन वस्तुमानं म्हणून. झाडं, दगड, देऊळ असलं काही नको. उरलं कडं. आपली खूण ती. निसटणं दुसऱ्या कशानेच इतक्या कमी जागेत सांगता येत नाही.

म्हणजे चित्राचा नकाशा झाला: एक जड, स्थिर आकार, त्यावर तिरका रेललेला दुसरा, मऊ पण तितकाच जड आकार, आणि खाली कुठेतरी एक बारीक, अर्धवट सोनेरी कमान.

मोठ्या चित्रकारांनीही साहित्याकडून असंच मोजकं उचललंय. अकबर पदमसी यांच्या 'मेटास्केप' मालिकेत सूर्य आणि चंद्र एकाच आकाशात दिसतात. त्याचं मूळ 'शाकुंतला'च्या नांदीत आहे, जिथे कालिदास त्या दोघांना काळाचे नियंते म्हणून आणतो. पदमसींनी त्या नाटकातली ना शकुंतला घेतली ना दुष्यंत. नाटक सुरू होण्याआधीचा एक श्लोक घेतला आणि त्यावर वर्षानुवर्षं काम केलं.

वृत्तातून मिळणारी रचना

मेघदूत मंदाक्रांता वृत्तात आहे. ओळीला १७ अक्षरं आणि यती, म्हणजे थांबे, ४, ६, ७ अक्षरांच्या तुकड्यांनंतर. पहिली चार अक्षरं सगळी गुरू, म्हणजे जड आणि सावकाश. पुढच्या सहात पाच लघू, म्हणजे हलकी अक्षरं, एका दमात पळतात आणि एका गुरूवर टेकतात. शेवटच्या सातात गुरू-लघूंचा हेलकावा आहे. तालात म्हणून बघा: 'तस्मिन्नद्रौ', थांबा, 'कतिचिदबला', थांबा, 'विप्रयुक्तः स कामी'.

हे माप मी सरळ कॅनव्हासवर ठेवतो. कॅनव्हासची ३४ इंच रुंदी म्हणजे १७ चे दुप्पट. डावीकडून ८ इंच डोंगराचे, मधले १२ इंच भिडण्याचे, उजवीकडचे १४ इंच ढगाच्या अंगाचे. बाजारात अशा मापाचा तयार कॅनव्हास सहसा मिळत नाही, पण फ्रेम करणारे कुठलंही माप ताणून देतात. तयारच घ्यायचा असेल तर ३६ × २४ चा घ्या आणि तीन भाग साधारण साडेआठ, पावणेतेरा आणि पावणेपंधरा इंचांचे धरा. बघणाऱ्याला हे प्रमाण कधीच कळणार नाही, कळायची गरजही नाही. फायदा आपला: रचना 'मधोमध' किंवा 'एक तृतीयांशावर' अशा सवयीच्या जागी जाऊन बसत नाही.

कच्ची रेखाटनं

कागदावर १७ × १२ सेंटिमीटरच्या चौकटी आखा. प्रमाण कॅनव्हासचंच आहे. वरच्या आणि खालच्या कडेवर ४ आणि १० सेंटिमीटरवर बारीक खुणा करा. मग कोळशाने, तीनच छटांत काम करायचं: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, दाट काळा. रेषा काढायची नाही. कोळसा आडवा धरून थेट आकार भरायचे, म्हणजे हात आपोआप तपशिलात जात नाही.

अशी निदान दहा-बारा तरी करा. पहिली तीन-चार हमखास सगळ्यांची सारखीच येतात: डावीकडे त्रिकोणी डोंगर, वर कापसाचा ढग. त्रिकोण टाळा. श्लोकातला ढग सुळक्याला नाही, माथ्याच्या सपाटीला बिलगलाय. संस्कृतचे अभ्यासक वासुदेव विष्णु मिराशी यांनी ज्याला रामगिरी ठरवलं ते नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरचं रामटेक पाहिलं असेल तर हे लगेच पटेल. तिथली टेकडी काही उंच शिखर नाही, आडवी पसरलेली आहे. तेव्हा डोंगराची वरची कड जवळजवळ आडवी ठेवा आणि उजवीकडे किंचित उतरती करा. ढग तिथे येऊन टेकणार आहे.

ढगाचा अक्ष उजव्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली, आडव्याशी साधारण २५-३० अंशांत. त्याहून उभा केला तर ढग कोसळल्यासारखा दिसतो, आडवा केला तर नुसता तरंगतो. आपल्याला रेललेला हवाय.

जमलं तर पावसाळ्याच्या तोंडाला प्रत्यक्ष ढग बघून या. रामटेकच हवं असं नाही, घाटातला कुठलाही डोंगर चालेल. एक गोष्ट तिथे मुद्दाम पाहा: ढग माथ्याला लागतो तेव्हा डोंगराची वरची रेघ आधी जाते आणि पायथा उलट जास्त गडद वाटायला लागतो. मधेच ढगाला भोक पडतं आणि कड्याचा एखादा हातभर तुकडा अगदी धारदार दिसून पुन्हा पुसला जातो. फोटोत हे नीट येत नाही, कॅमेरा सगळंच एकसारखं धुरकट करतो. डोळ्यांनी बघून तिथल्या तिथे दोन फटकाऱ्यांत टिपलेलं जास्त कामाला येतं.

रेखाटनं झाली की सगळी भिंतीवर चिकटवा, आठ-दहा फुटांवरून बघा, मग कागद उलटे करून पुन्हा बघा. उलटं केल्यावरही ज्यात एक वजन दुसऱ्यावर पडतंय असं वाटतं, ते घ्या.

इथेच एक परीक्षा घेऊन टाका. 'मेघदूत' न वाचलेल्या कोणाला तरी रेखाटन दाखवा. "काहीतरी मोठं कशावर तरी टेकलंय" असं उत्तर आलं तर उत्तम. "हत्ती आहे का?" असं आलं तर कुठेतरी सोंड डोकावतेय, ती मोडा. ढगाच्या तोंडाशी दोन पांढऱ्या वक्र रेषा कधीच ठेवू नका, कितीही अमूर्त काढा, त्यांचे सुळे होतातच.

कॅनव्हास आणि त्याखालची माती

तयार कॅनव्हासला प्राइमर असतो, तरी जेसोचा, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात वर द्या. साधा ताणलेला असेल तर दोन, एक उभा आणि एक आडवा. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा.

पांढऱ्यावर सुरुवात करू नका. आषाढाआधीचा ज्येष्ठ आठवा: तापलेली, भेगाळलेली जमीन. बर्न्ट सिएना पाण्यात पातळ करून रुंद ब्रशने सगळ्या कॅनव्हासवर फिरवा आणि ओला असतानाच फडक्याने पुसून घ्या. ही तांबूस जमीन शेवटपर्यंत ढगाच्या भोकांतून, दोन फटकाऱ्यांमधल्या फटीतून दिसत राहील. थंड निळ्या-करड्याखाली ती असली की चित्रात उकाडा येतो. ती नसली तर तेच रंग युरोपातल्या धुक्यासारखे गार वाटतात.

डावीकडच्या ८ इंचांत पोत हवा. मॉडेलिंग पेस्ट (पोत उठवायचा जाड लेप) पॅलेट नाइफने लावा, उभ्या आणि जरा तिरक्या दिशेने, दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको. जाड थर वाळताना तडकतो. मधल्या पट्ट्यात पेस्ट विरळ होत संपली पाहिजे. ढगाच्या भागात अजिबात नको, तिथलं कापड गुळगुळीतच राहू द्या. डोंगर बोटाला लागावा आणि ढग लागू नये, एवढा फरक पुरे. रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत असाल तर अख्खा दिवस जास्त.

पाच ट्यूबा

अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाइट. बस. कॅमलचे साधे ॲक्रिलिकसुद्धा सरावाला चालतात. पैसे खर्चायचेच तर आर्टिस्ट दर्जाचा अल्ट्रामरीन आधी घ्या, कारण पातळ थरांत सगळा खेळ त्याच्या पारदर्शकपणावर आहे. याशिवाय ग्लेझिंगसाठी, म्हणजे वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर द्यायला, ॲक्रिलिक मीडियम आणि रंग उशिरा वाळावा म्हणून थोडा रिटार्डर.

काळी ट्यूब उघडायची नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळले की काळ्याजवळ जाणारा गडद रंग मिळतो आणि तो कुठे झुकवायचा हे आपल्या हातात राहतं. अल्ट्रामरीन जास्त घातला की पावसाळी, निळसर काळा: तो ढगाचा. अंबर जास्त घातला की ओल्या मातीचा काळा: तो डोंगराचा. दोघांचे गडद रंग एकाच जोडीतून आले की ते एका हवेत वावरतात. ट्यूबमधला काळा त्यात घातला तर तेवढाच भाग कापून चिकटवल्यासारखा वेगळा दिसतो.

सोनेरी मेटॅलिक रंगही नको. मोह होतो, कारण कडं सोन्याचं आहे. पण तो रंग उजेडाच्या कोनाप्रमाणे बदलतो, एका बाजूने चमकतो तर दुसऱ्या बाजूने मातकट होतो आणि सगळं चित्र लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागतं. गडद अंबरवर यलो ऑकर ठेवला की डोळा त्यालाच सोनं समजतो.

कागदाच्या पट्टीवर दोन्ही गडद मिश्रणं पांढऱ्यासोबत पाच-पाच पायऱ्यांत उतरवून पूर्ण वाळू द्या. ओल्या ॲक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारं द्रव्य, दुधाळ असतो, तो वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळताना एखादी पायरी गडद होतो. ढगाच्या फिकट छटांत हा फरक फार जाणवतो. संध्याकाळी लावलेला नाजूक करडा सकाळी जड दिसतो आणि लोक घाबरून त्यावर पांढरा थापत सुटतात. पट्टी शेजारी असली की तसं होत नाही.

पहिला थर: तीन वेगळे हात

आता वृत्त हातात आणायचं. डोंगरासाठी दोन इंची चपटा ब्रश, भरपूर रंग, सावकाश ओढलेले मोठे उभे फटकारे. मोजकेच आणि एकेक वेगळा दिसेल असे. मधल्या पट्ट्यात लहान ब्रश: चार-पाच आखूड, भराभर फटकारे आणि मग एक लांब. हे शब्दशः मोजत बसायचं नाही, पण दोन-तीनदा श्लोक म्हणून मग ब्रश उचलला तर हात खरंच तसा चालतो. उजवीकडे ब्रश ठेवून द्या आणि भिंती रंगवायचा छोटा रोलर घ्या. करड्याच्या दोन छटा ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ओतून, न मिसळता, रोलर ठरलेल्या तिरक्या दिशेने फिरवा. ब्रशचे ओरखडे नसलेला, एकसंध पण आतून हलणारा पृष्ठभाग मिळतो.

रोलरला चित्रकलेत कमी लेखायचं कारण नाही. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफनेच तैलरंगांचे ते खोल, प्रकाश झिरपल्यासारखे पृष्ठभाग उभे केले. आपल्या कामाला त्यांनी 'अमूर्त' म्हणवून घेतलं नाही, त्यांचा शब्द होता 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठलीही वस्तू न दाखवणारं. आपण आत्ता करतोय ते काम त्या टोकाच्या बरंच अलीकडे थांबतं, आपल्याला कडं अजून सोडवत नाही.

ढगाचा आकार वरच्या आणि उजव्या कडेतून बाहेर जाऊ द्या. चारी बाजूंनी आत मावलेला ढग कापसाचा बोळा होतो. चौकटीबाहेर गेला की तो केवढा आहे हे बघणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि तेवढ्यानेच तो मोठा होतो.

भिडण्याची जागा

सगळं चित्र या मधल्या बारा इंचांवर तरतं किंवा बुडतं. बाकीच्या कामाला दोन तास लागले तर याला दोन दिवस द्या.

पहिला थर पूर्ण वाळल्यावर मधल्या पट्ट्यात ढगाचा मध्यम करडा रंग थोडा रिटार्डर घालून लावा, म्हणजे काम करायला वेळ मिळतो. रिटार्डर बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच घाला, जास्त झाला तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. रंग ओला आहे तोवर कोऱ्या न्यूजप्रिंटचा हाताने फाडलेला कागद त्यावर ठेवा, तळव्याने दाबा आणि एका कोपऱ्याकडून सावकाश सोलून काढा. कागदासोबत काही रंग निघून येतो, खालची तांबूस जमीन आणि डोंगराचा अंबर ठिपक्या-ठिपक्यांनी वर येतो. फाटलेली कड वापरायची, कात्रीने कापलेली नाही. कात्रीची सरळ रेघ लगेच ओळखू येते. छापील वर्तमानपत्र टाळा, त्याची शाई रंगात उतरते.

असं तीन-चार ठिकाणी करा, पण समान अंतरावर नको. मग ओल्या फडक्याने डोंगराची वरची कड पुसत न्या, एकाच दिशेने, ढग जिकडून आलाय तिकडून. आत्तापर्यंत जपलेली रेघ इथे जाणार. जाऊ द्या.

आता उलटं काम. या पुसट कडेवर एकच जागा निवडा, तीन-चार इंच लांबीची, आठ इंचांच्या खुणेच्या जरा उजवीकडे. तिथे सगळ्यात गडद डोंगर आणि सगळ्यात उजळ ढग शेजारी-शेजारी आणायचे, मधे काही न ठेवता. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेला उजळ रंग घ्या आणि तो डोंगराच्या गडद भागावर तिरका दाबून एका झटक्यात ओढा. कार्डाच्या एका बाजूला धारदार कड पडते, दुसरीकडे रंग विरळ होत जातो. दाब कुठे पडलाय ते इथे दिसतं. अशी जागा दुसरीकडे कुठेही करायची नाही. धारदार कडा दोन झाल्या की बघणाऱ्याचा डोळा दोघींमध्ये फिरत राहतो आणि दाब वाटून जातो.

हे वाळल्यावर ग्लेझ: एक भाग अल्ट्रामरीन, पाच-सहा भाग मीडियम. मऊ ब्रशने ढगाच्या खालच्या अंगावर पातळ हात. वाळू द्या. पुन्हा एक. ढगाचं वजन या थरांनी वाढतं, पांढरा-काळा कालवून वाढत नाही. पारदर्शक थरांखालून उजेड परत येतो, म्हणून तो गडद असूनही पाण्याने भरलेला वाटतो. पाणी घालून ग्लेझ पातळ करायचा आळस करू नका. जास्त पाण्याने बाइंडर विरळ होतो आणि थर कमजोर, डागाळ पडतो.

सर्वांत नेहमीचा घोटाळा म्हणजे चिखल. अल्ट्रामरीन, सिएना, ऑकर आणि पांढरा ओले असताना एकत्र घोटले की सगळ्याचा एक निर्जीव राखाडी होतो. झालाच तर त्यात अजून रंग घालून सुधारायला जाऊ नका. हात थांबवा, पूर्ण वाळू द्या, मग सिएनाचा किंवा अल्ट्रामरीनचा एक ग्लेझ द्या. पुष्कळदा त्याच चिखलाची चांगली मधली छटा होते.

कडं

सगळं वाळल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी. जागा: डोंगराच्या गडद भागात, खालच्या कडेपासून पाच-सहा इंच वर. धारदार कडेपासून ते तिरकं खाली येतं, म्हणजे नजर वरच्या दाबापासून घसरत तिथे पोचते.

आकार लंबवर्तुळ, साधारण अडीच इंच रुंद, एका बाजूला कललेलं, आणि अपुरं. पूर्ण वर्तुळ काढलं की ते चंद्र होतं किंवा बांगडीचं चिन्ह. दोन तृतीयांश भाग काढा, खालचा तुकडा डोंगराच्या पोतात विरू द्या. आधी न्यूजप्रिंटवर भरपूर सराव करा, मनगट न टेकता, खांद्यातून हात फिरवून. कॅनव्हासवर रिगर ब्रशने (लांब केसांचा बारीक ब्रश) ऑकर आणि पांढऱ्याचं जाडसर मिश्रण घेऊन एका दमात कमान. बिघडली तर लगेच ओल्या फडक्याने पुसा, मिनिटभर तरी मुभा असते. वाळल्यावर त्यावर ऑकर आणि किंचित सिएनाचा ग्लेझ, एका बाजूला जास्त. सावली, चमक, नक्षी काही नको.

याच टप्प्यावर कोणीतरी सुचवतंच की कोपऱ्यात श्लोकही लिहा, छान दिसेल. माझं मत उलटं आहे. चित्रात अक्षरं आली की माणूस ती आधी वाचतो आणि वाचून झालं की पुढे सरकतो. श्लोक पाठीमागे लिहा, कॅनव्हासच्या लाकडी पट्टीवर, तारखेसोबत.

कधी थांबायचं आणि मग काय

मोबाइलवर चित्राचा फोटो काढून कृष्णधवल करा. सगळ्यात मोठा छायाभेद धारदार कडेपाशी दिसला पाहिजे. कडं कृष्णधवलमध्ये त्या कडेहून मंद दिसलं तर चांगलंच. चित्र आरशात बघा. डोंगर फारच भक्कम आणि ढग पाहुण्यासारखा वाटत असेल तर ढगाच्या तळाला अजून एक ग्लेझ. उलट असेल तर डोंगराच्या पायथ्याला अंबरचा कोरडा ब्रश. याहून मोठी दुरुस्ती करावीशी वाटली तर चित्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. बहुतेक वेळा ती गरज तेवढ्यात निघून जाते.

व्हार्निशची घाई नको. पेस्टचा पोत असल्याने दोन आठवडे तरी वाळू द्या आणि कोरडी हवा असलेला दिवस निवडा. दमट हवेत व्हार्निशवर दुधाळ झाक येते. आधी ग्लॉस मीडियमचा एक पातळ संरक्षक थर, तो वाळला की व्हार्निशचे दोन हात. मॅट नको, त्याने गडद भाग पांढुरके पडतात आणि ग्लेझची खोली जाते, सॅटिन घ्या. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगणार असाल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते आणि पाठीला बुरशी धरत नाही.

हे जमलं तर पुढचं चित्र पूर्वमेघातच, म्हणजे 'मेघदूता'च्या पहिल्या भागातच शोधा. विंध्याच्या पायथ्याशी खडकांत फुटून विखुरलेली रेवा, म्हणजे नर्मदा, हत्तीच्या अंगावर काढलेल्या भस्माच्या नक्षीसारखी, हा श्लोक म्हणजे आयती रचनाच आहे: एक मोठं गडद अंग आणि त्यावर तुटत जाणाऱ्या फिकट रेषा. तिथे खूणही शोधावी लागत नाही, रेषाच ती. वारुळाच्या टोकावरून उगवणारा इंद्रधनुष्याचा तुकडाही मोहात पाडतो, पण सात रंग आले की अर्ध-अमूर्त चित्राची लगेच शुभेच्छापत्रिका होते, तेव्हा तो जरा हात बसल्यावर घ्या. आणि उत्तरमेघातली, म्हणजे दुसऱ्या भागातली, यक्षाची नगरी अलका सुरुवातीला नकोच. तिथे प्रासाद, रत्नं, दिवे, फुलं, बायका, इतक्या वस्तू आहेत की डावीकडची यादी खोडता खोडता पान संपेल.